साखळी आत गेली नाही

इंग्रजांच्या राज्यापासून आजपर्यंत आमच्या झरी जामणी भागातलं जंगल वाढत आलं आहे. हे माझं म्हणणं नाही, एका अभ्यासाचं आहे. त्या अभ्यासाचं गुळगुळीत कागदावर छापलेलं पुस्तक माझ्याकडे आहे, आणि शेवटून दुसऱ्या पानावर माझे आभारही मानलेले आहेत. 'श्री. हनीफ शेख, निवृत्त भूकरमापक, वणी.' ते पान फाडायला निघालो होतो. बायको म्हणाली, "पन्ना फाडने से किताब झूठी होती क्या?" तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत. भूमि अभिलेखात जन्म घालवलेल्या माणसाकडे गमतींचा तोटा नसतो. वणीच्या पलीकडच्या एका गावात एका पठ्ठ्यानं हद्दीचा दगड उपटून शेजारच्या म्हातारीच्या शेतात रोवला, आणि कोणी हलवू नये म्हणून त्याला शेंदूर फासून मारुती करून टाकला. मोजणी माझ्याकडे आली. आता मारुतीला हात लावणार कोण? मी तर शेख. गड्यानं तेही हिशोबात धरलं होतं, हे त्याच्या हसण्यावरूनच कळत होतं. शेवटी त्या म्हातारीनंच दगडाला हात जोडले, म्हणाली, "देवा, तुही जागा तिकडं हाये, चाल बाप्पा," आणि दोन पोरांकडून उचलवून जुन्या खड्ड्यात नेऊन बसवला. मी साखळी लावून पाहिली. मारुती बरोबर हद्दीवर आला होता.

असं बरंच काही सांगता येईल. पण यंदा डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे आणि ती गमतीची नाही. ती आधी सांगून मोकळा होतो.

माझ्या वडलांचं वणीत ट्रकच्या कमानी दुरुस्त करायचं दुकान होतं. कोळशाच्या गाड्या ओळीनं उभ्या असायच्या. मी पाना धरावा ही त्यांची इच्छा, आणि मी धरली साखळी. आमच्या धंद्यातली साखळी म्हणजे तेहतीस फुटांची लोखंडी कड्यांची, तिचे सोळा भाग, त्यांना आम्ही आणे म्हणतो. शेतातून एक सरळ रेघ धरायची, तिच्यावर शंकू उभा करून काटकोन घ्यायचा, आणि तिथून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत अंतर मोजत जायचं. त्याचा जागेवरच जो हातकागद करतात ते टिपण. अशी सगळ्या शेतांची टिपणं जोडून गावनकाशा तयार होतो. इंग्रजांनी वऱ्हाड मोजलं ते याच पद्धतीनं, आणि ते कागद अजून आमच्या कार्यालयात कापडात बांधलेले आहेत. मशीन आली, ड्रोन आले, तरी भांडण लागलं की शेवटी तेच फडकं सोडावं लागतं. त्या लोकांनी उन्हातान्हात, वाघाच्या मुलखात जे काम करून ठेवलं त्याला मी आजही सलाम करतो.

पण ते काम कशासाठी केलं होतं, हे विसरायचं नाही. सारा वसूल करायला. ज्या जमिनीतून सारा येणार ती इंच इंच मोजली. ज्यातून येणार नाही तिच्या बाहेरून साखळी फिरवली, एक नंबर टाकला, आणि आत लिहिलं 'पडीत', किंवा काहीच लिहिलं नाही. पडीत म्हणजे ओसाड नव्हे. पडीत म्हणजे सरकारला ज्यातून काही मिळत नाही अशी. आत ऐन-धावड्याचं रान असो, बांबूची बेटं असोत की वाघीण पिलं घेऊन बसलेली असो, कागदावर ती पडीतच.

आणि झाडं? जुन्या गावनकाशात झाडांच्या खुणा असतात, छोट्या छत्रीसारख्या. त्या शेतांत असतात. बांधाच्या कोपऱ्यावरचा आंबा, विहिरीजवळचा मोह, दोन शेतांच्या मध्ये उभं असलेलं कडुनिंबाचं झाड. दगड हरवला तर झाडावरून कोपरा सापडावा म्हणून मोजणीदार ते काढून ठेवायचा. एकटं झाड खुणेला चालतं. जिथं झाडच झाड आहे तिथं कोणतं झाड खूण म्हणून काढणार? तिथं साखळी सरळ जात नाही, रेघेच्या पलीकडच्या टोकाला रोवलेला झेंडा दिसत नाही. मोजणीदार बाहेरून वळसा घालतो आणि पुढच्या शेताला लागतो. म्हणून जुन्या नकाशावर जिथं झाडं काढलेली आहेत तिथं झाडं थोडी होती, आणि जिथं कोरं आहे तिथं जंगल होतं. आमच्या खात्यातल्या कोणत्याही मोजणीदाराला विचारा. यात काही गुपित नाही.

आता अभ्यासाकडे येतो.

मी निवृत्त झाल्यावर नागपूरकडून एक प्रोफेसर साहेब घरी आले. सोबत त्यांचे विद्यार्थी. जुने मोजणी नकाशे आणि आजची उपग्रहाची चित्रं एकमेकांवर ठेवून जंगल कुठं कमी झालं, कुठं वाढलं ते काढायचं, असा त्यांचा बेत. मला फार आनंद झाला. आमच्या कागदांना भांडणाशिवाय कोणी हात लावतंय हेच नवल. मी त्यांना मोडी वाचून दाखवली, खुणा समजावल्या, शेतं जोडून गट झाल्यावर जुने नंबर कसे बदलले ते सांगितलं. माणसं वाईट नव्हती. प्रोफेसर साहेब चांगले प्रश्न विचारायचे, चहा मागून घ्यायचे, आमच्या बायकोच्या हातच्या शेवयांची तारीफ करायचे.

एक दिवस त्यांच्या पडद्यावर मुकुटबनच्या पुढचा एक गावनकाशा रंगवलेला पाहिला. शेतांमध्ये हिरवे ठिपके, आणि टेंभरीपोड या वस्तीच्या मागची सगळी टेकडी पिवळी. मी विचारलं, पिवळं म्हणजे काय? विद्यार्थी म्हणाला, "उघडी जमीन." आधी मी हसलो. त्या टेकडीच्या पायथ्याची शेतं मी नोकरीत मोजलेली. भर दुपारी तिथं सावलीत थंडी वाजायची.

मी प्रोफेसर साहेबांना वर लिहिलं ते सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, लिहूनही घेतलं. म्हणाले, "शेख साहेब, हे फार महत्त्वाचं आहे." मला वाटलं झालं काम. काही महिन्यांनी कच्चा अहवाल आला, टेकडी पिवळीच. फोन केला. साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण पद्धत एकसारखी ठेवावी लागते. नकाशात जे काढलेलं आहे तेच आम्ही मोजू शकतो. न काढलेलं कसं मोजणार?"

मी म्हटलं, "नका मोजू. पण मग उघडी जमीन असंही म्हणू नका. माहीत नाही, असं म्हणा."

ते म्हणाले, "तसा रंग आपण ठेवलेला नाही."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. अज्ञानाचा मला राग येत नाही. आमच्या खात्यात निम्मी माणसं अज्ञानावर पेन्शनला पोचली. पण माणसाला खरं कळलं आहे, ते तो मान्य करतो आहे, आणि रंग ठेवला नाही म्हणून खोटं छापतो आहे, याला काय म्हणायचं? त्या पुस्तकात जुन्या काळी पिवळी टेकडी आणि आज हिरवी टेकडी शेजारी शेजारी छापली आहे. खाली लिहिलं आहे की जंगल वाढलं. खालच्या सपाटीवरचे आंबे आणि मोह तोडून सगळीकडे सोयाबीन झालं, ते मात्र एका बारीक वाक्यात उरकलं आहे.

पुस्तक पुस्तकातच राहिलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण एक दिवस लेतू नाईक माझ्या दारात आला.

टेंभरीपोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलाम आपल्या वस्तीला पोड म्हणतात आणि पोडाचा कारभार नाईकाकडे असतो. लेतू टेकाम तिथला नाईक, माझ्याच वयाचा, बांबूचे ताटवे, म्हणजे कुडाच्या भिंती, आणि टोपल्या विणणारा. त्याची माझी ओळख भांडणातूनच झालेली. नोकरीत असताना मी तिथं खालच्या शेताची मोजणी घेऊन गेलो होतो, आणि तो दिवस नेमका त्यांच्या गावबांधणीचा निघाला. वर्षातून एकदा ते पोडाची आणि टेकडीची शीव फिरून, पूजा करून बांधून घेतात. त्या दिवशी बाहेरच्यानं आत यायचं नाही. माझ्या हातात सरकारी आदेश होता, मी तापलेला होतो. नाईकानं मला शिवेबाहेरच्या चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडाखाली बसवलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज मोजता, आमी वर्सातून एकडाव मोजतो. आज आमची पाळी हाये." दुपारी त्यानं ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी पाठवली. दुसऱ्या दिवशी तोच माझ्यासोबत साखळीचं टोक धरून फिरला.

त्या टेकडीवर त्यांचा देव आहे, बांबू आहे, मोह आहे, आणि जो नाला पोडाला उन्हाळाभर पाणी देतो तो तिथूनच येतो. पोडानं त्या टेकडीवर सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. तेवढ्यात दगडाच्या खाणीसाठी कोणीतरी तीच टेकडी मागितली. आणि खाणवाल्यांनी दाव्याच्या विरोधात त्या गुळगुळीत पुस्तकातलं पिवळ्या टेकडीचं पान, शेजारची हिरवी टेकडी झाकून, जोडलं. ही जागा पूर्वीपासून ओसाड, जंगल इथं कधी नव्हतंच, मग वनहक्क कसला, असं त्यांचं म्हणणं.

लेतू नाईकानं ते पान माझ्यापुढे ठेवलं. "हनीफभाऊ, हे तुमी केलं म्हंतेत. तुमचं नाव हाये म्हने त्या पुस्तकात."

मी म्हटलं, "नाव आहे. काम माझं नाही."

"मंग येऊन सांगा ना बावा. आमचं सांगणं कोनी आयकून नाई राह्यलं. आमी कोलाम, आमी तं सांगूच जंगल होतं म्हनून."

मी दाव्याच्या सुनावणीला गेलो. हॉलमध्ये पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. खाणवाल्यांचे वकील, एका बाजूला पोडाची माणसं जमिनीवर बसलेली, मी खुर्चीवर. याचीही मला लाज वाटली. सुनावणी घेणारे साहेब तरुण, डोळ्यांखाली काळं, सकाळपासूनच्या फायलींनी दमलेले. वकिलांनी विचारलं, "मोजणीदार गावनकाशात जंगल दाखवतात का?"

मी म्हटलं, "नाही, कारण जिथं दाट झाडी असते तिथं साखळी आत जात नाही, म्हणून..."

तोवर टंकलेखकाने टाइप करून टाकलं होतं, 'नाही.' आणि पुढचा प्रश्न आला. मी म्हटलं, माझं उत्तर अजून संपलेलं नाही. वकील म्हणाले, प्रश्नाचं उत्तर मिळालं. साहेब म्हणाले, "शेख साहेब, विचारलं तेवढंच सांगा." माझा जबाब छापून समोर आला, तो असा, की गावनकाशात जंगल दाखवलेलं नाही, असं साक्षीदार कबूल करतो. कबूल करतो. जणू मी चोरी केली होती.

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की एका हाताच्या बांधासाठी हेच खातं मला वर्षानुवर्षं कोर्टात उभं करतं, प्रत्येक आणा विचारतं, आणि आख्खी टेकडी एका 'नाही'वर निकालात काढतं, हे मी फार मोठ्यानं म्हटलं. माझ्या मनगटावर हात पडला. लेतू नाईक उठून माझ्याजवळ आला होता. "बसा हनीफभाऊ," तो म्हणाला, "तुमचा आवाज गेला तं आमचं कोन बोलन?" मी बसलो. जबाबावर सही मात्र केली नाही.

साहेबांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "जागेवर जाऊनच पाहू. संयुक्त मोजणी लावा." एवढं त्यांनी बरं केलं, ते मी मान्य करतो.

मोजणीला आली वर्षा राठोड. आमच्याच कार्यालयातली भूकरमापक, दिग्रसकडची, बंजारा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या हाताखाली शिकलेली आणि माझ्याहून चांगली. मोठ्या मुश्किलीनं तिची बदली वणीला झालेली, पोरगी लहान. तिच्याकडे आता साखळी नव्हती, रोव्हर होता. हे काठीवर बसवलेलं यंत्र. ते वरच्या उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतं. मोकळ्या शेतात ते इतकं अचूक चालतं की मला हेवा वाटतो.

सगळे जमले होते. मंडळ अधिकारी, खाणवाल्यांचा माणूस, पोडाच्या बाया-माणसं, आणि मी. वर्षानं टेकडीच्या बाहेरून हद्द घेतली. नंतर काठी घेऊन आत गेली. आम्ही मागून. साग, ऐन, मध्येच सालईचं पांढरं खोड, खाली बांबूची गर्दी. थोड्याच अंतरावर ती थांबली. काठी इकडे धरली, तिकडे धरली.

"सर, फिक्स येत नाई," ती म्हणाली. "वरून झाकलेलं हाये सगळं. आभाळच दिसून नाही राह्यलं यंत्राले."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. इंग्रजांच्या मोजणीदाराची साखळी जिथं आत गेली नाही, तिथंच वर्षाच्या उपग्रहाची नजर आत गेली नाही. आणि नकाशा पुन्हा तसाच होणार होता. बाहेरून हद्द, आत कोरं, आणि कोऱ्याचा अर्थ लावायला बाहेर माणसं टपलेली.

खाणवाल्यांचा माणूस म्हणाला, "आतलं मोजता येत नसेल तर जुन्या रेकॉर्डप्रमाणे पडीत लिहा, विषय संपला."

मंडळ अधिकारी नियमाचा माणूस. तो म्हणाला, "आतले पॉइंट घ्यावेच लागतील. मध्यातून लाइन मारून घ्या. झाडं काढली की आभाळ उघडं होईल, मशीन चालेल."

खाणवाल्यांच्या गाडीतून लगेच मजूर उतरले, कुऱ्हाडी घेऊन. लगेच. म्हणजे कुऱ्हाडी सकाळीच गाडीत भरून आणल्या होत्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बांधावर डोकी फुटताना पाहिली आहेत, पण त्या क्षणी माझ्या अंगाची जशी आग झाली तशी कधी झाली नव्हती. इथं जंगल आहे हे सिद्ध करायला आधी ते तोडा. तोडून उघडं केलं की मशीन चालेल, आणि मशीन म्हणेल इथं उघडं आहे.

मी तोंड उघडायच्या आत लेतू नाईक कुऱ्हाडवाल्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. ओरडला नाही. "मोजासाठी तोडाचं असन तं नाई मोजाचं," तो म्हणाला. "आमी दरसाल हिले बाहेरून बांधतो. आत देव हाये, आत पाय कमी ठेवाचा. तुमीबी बाहेरूनच बांधा अन् आत काय हाये ते लिवा. डोये तं हायेत ना तुमाले?"

मागे पोडाच्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. मजुरांपैकी एक म्हातारा होता, त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून जमिनीवर टेकवली. मंडळ अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी वर्षाकडे.

वर्षा नकाशाचा कागद मांडीवर घेऊन बसली होती. मला हळूच म्हणाली, "सर, लिहू कुठी? नमुन्यात शेऱ्याचा रकानाच नाई."

"मागच्या बाजूला लिही."

"मागं लिहिलेलं स्कॅनमध्ये येत नाई सर." तिनं पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. नमुन्याबाहेर लिहिणं म्हणजे वरून विचारणा, विचारणा म्हणजे पुन्हा बदली, आणि घरी लहान पोरगी. मी तिला लिही म्हटलं नाही. माझी पेन्शन चालू आहे, दुसऱ्याच्या नोकरीवर शूर होणं मला पटत नाही. ती उठली, पुन्हा आत जाऊन चारी बाजूंनी फिरून आली, साडीचा काठ बांबूच्या काट्यात अडकून फाटलेला. मग बसली आणि टेकडीच्या बरोबर मध्ये, जिथं कोरं होतं तिथं, सुंदर अक्षरात लिहिलं. 'दाट झाडी. आत मोजणी करता आली नाही.' खाली सही.

इंग्रजांपासून आजपर्यंत नकाशावर त्या कोऱ्या जागेत लिहिलेले ते पहिले शब्द. पोडाच्या लोकांनी पंच म्हणून सह्या, अंगठे केले. मंडळ अधिकाऱ्यानंही थोडा विचार करून सही केली. खाणवाल्यांच्या माणसानं नाही केली, आणि जाताना वर्षाचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

त्या एका शेऱ्यावर खाणीची फाइल अडली. दाट झाडी लिहिलेल्या नकाशावर खाण देता येईना. पोडाचा दावाही अजून तसाच आहे, पण फेटाळलेला नाही. लेतू नाईकानं निरोप धाडला होता, "टेकडी हाये जाग्यावर."

मग वर्षाला कारणे दाखवा नोटीस आली.

ती रविवारी पोरीला कडेवर घेऊन आमच्या घरी आली. नोटीस मी दोनदा वाचली. विहित नमुन्याबाहेर मजकूर लिहिल्याबद्दल खुलासा मागितला होता. त्याच्याखाली दुसरा मुद्दा होता. सदर ठिकाणी झाडी असल्याचे आपण कोणत्या अभिलेखाच्या आधारे नमूद केले? समाधानकारक खुलासा नसल्यास शेरा रद्द करण्यात येईल. म्हणजे वर्षाला अभिलेख दाखवता आला नाही तर शेरा खोडला जाणार, नकाशा पुन्हा कोरा होणार, आणि कोऱ्या नकाशावर खाण देता येते.

मी तिला म्हटलं, तू बस, मी लिहितो. आणि दुपारभर लिहीत बसलो. शंकू-साखळीची पद्धत, पडीत या शब्दाचा इतिहास, टिपणांचे वळसे, प्रोफेसर साहेबांचा रंग, टंकलेखकाचा 'नाही', गाडीतल्या कुऱ्हाडी, सगळं काढलं. कागदामागून कागद भरले. खात्याला मी आयुष्यात बोललो नाही ते सगळं त्यात होतं. बायकोनं दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा थंड झालेला परत नेला.

वर्षानं ते सगळं वाचलं. पोरगी तिच्या ओढणीचं टोक तोंडात धरून बसली होती. "सर, तुमचं सगळं खरं हाये," ती म्हणाली, "पण एवढं वाचन कोन? ते तं अभिलेखच मागून राह्यले ना? अन् अभिलेख तं आमीच लिहितो. मंग आमी पाहून लिहिलं नाई तं तो येईन कुठून?"

माझे कागद तिनं नीट घडी घालून माझ्यासमोर ठेवले. स्वतःच्या पर्समधून एक कोरा कागद काढला, वर नोटिशीचा क्रमांक टाकला, दुसऱ्या मुद्द्यासमोर उत्तर लिहिलं आणि सही करून मला वाचायला दिलं.

'अभिलेख नाही. मी तिथे उभी होते. झाडेही उभी होती.'